औषधाची मच्छरदाणी आणि न मरणारा डास

(शेतकरी मेळाव्यात कीटकशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेले व्याख्यान)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'कपाशीवरील किडींचे व्यवस्थापन' असा विषय छापला आहे आणि त्याची तयारी मी करूनही आलो होतो. परंतु सकाळी मंडपाबाहेर चहा घेत असताना एका भगिनीने मला एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून डोक्यात तोच घोळत आहे. त्या म्हणाल्या, "सर, आमच्याकडे आरोग्य खात्याने औषधाच्या मच्छरदाण्या वाटल्या. डास जाळीवर बसतो, थोडा वेळ थांबतो आणि उडून जातो. मरत काही नाही. मग तिच्यात औषध आहे, की नुसतं नाव आहे?"

हा प्रश्न दवाखान्यात विचारा, असे सांगून मला मोकळे होता आले असते. पण ते प्रामाणिकपणाचे झाले नसते. त्या जाळीच्या धाग्यात जे औषध आहे ते आपल्या पिकावरचेच आहे आणि ते कपाशीवर फवारा म्हणून ज्यांनी गावोगाव सांगितले, त्यांत मीही होतो. तेव्हा संयोजकांच्या परवानगीने आज मी मच्छरदाणीवर बोलणार आहे. कपाशी त्यात येईलच.

प्रथम हे औषध कोणते ते पाहू. शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम या फुलांची पूड किडे मारते, ही गोष्ट फार पूर्वीपासून माहीत होती. अडचण एवढीच की, उन्हात तिचा प्रभाव लवकर नाहीसा होई. इंग्लंडमधील रॉथमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात मायकेल एलियट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली त्याच धर्तीचे, परंतु उन्हात टिकणारे परमेथ्रीन तयार केले. पाठोपाठ सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन आले. आपण ज्यांना सिंथेटिक पायरेथ्रॉइड म्हणतो ती हीच औषधे. फेनव्हलरेटही याच गटातले. म्हणजे हे औषध जन्माला आले ते शेतीसाठी. माणसाच्या अंथरुणापर्यंत ते नंतर पोहोचले.

पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशात १९८३ च्या सुमारास परमेथ्रीनच्या द्रावणात बुडवलेल्या मच्छरदाण्यांच्या चाचण्या झाल्या. पुढे १९९० च्या दशकात गांबिया, घाना, केनिया आणि बुर्किना फासो येथे मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाले. मच्छरदाणी नसलेल्या गावांच्या तुलनेत औषधाच्या मच्छरदाण्या वापरणाऱ्या गावांतील बालमृत्यू सरासरीने सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांतून दिसून आले. २००० ते २०१५ या पंधरा वर्षांत आफ्रिकेत हिवतापाचे अंदाजे ६६ कोटी ३० लाख प्रसंग टळले आणि त्यांतील ६८ टक्क्यांचे श्रेय या मच्छरदाण्यांना दिले जाते. दुसऱ्या कोणत्याही एका उपायाला एवढे श्रेय मिळालेले नाही.

पायरेथ्रॉइडच का निवडले, तर ते डासाला झटकन पाडते, जवळ येण्यापासून परावृत्त करते आणि मच्छरदाणीवर असते तेवढ्या मात्रेत माणसाला त्याचा धोका फार कमी असतो. तान्हे मूल जाळी तोंडात घालते, हे लक्षात ठेवूनच औषध निवडावे लागते. अनेक वर्षे या कसोटीला दुसरा कोणताही गट उतरला नाही. परिणामी, जगातल्या औषधाच्या मच्छरदाण्या वर्षानुवर्षे या एकाच गटावर अवलंबून राहिल्या.

एकाच गटाचे औषध, प्रत्येक शेतात, प्रत्येक हंगामात. याचा शेवट काय होतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

बोंडअळीने दिलेला धडा

आपल्यापैकी जे पन्नाशीच्या पुढे आहेत त्यांना आठवत असेल. १९८० च्या सुमारास ही औषधे आपल्या कपाशीवर आली. एका फवारणीत अमेरिकन बोंडअळ्यांचा सडा पडे. शेतकरी खूष, विक्रेता खूष आणि आम्हीही खूष. मग एकाच्या दोन, दोनाच्या सहा फवारण्या झाल्या. १९८७-८८ च्या हंगामात आंध्रच्या किनारी जिल्ह्यांत एकामागून एक फवारण्या करूनही अळी मरेना आणि हातचे पीक गेले. तो काळ मी जवळून पाहिला आहे. त्याच्या आधी दोन-तीन वर्षे आपल्याकडच्या एका गावात मी पाठीवर पंप घेऊन प्रात्यक्षिक दाखवले होते. पुढे त्याच गावातले एक शेतकरी मला म्हणाले, "सर, औषध भेसळीचं निघालं." त्यांची बाटली मी तपासून घेतली. औषध शुद्ध होते. अळी बदलली होती.

डासांच्या बाबतीत हीच गोष्ट आफ्रिकेत घडली. आयव्हरी कोस्ट या देशात बुआके नावाचे शहर आहे आणि आसपास कपाशीचा मुलूख आहे. तेथील अॅनाफिलिस गॅम्बी या डासावर पायरेथ्रॉइडचा परिणाम कमी होत असल्याची नोंद १९९३ साली प्रसिद्ध झाली. मच्छरदाण्यांचे मोठे वाटप तेव्हा सुरूही झालेले नव्हते. मग डासाला हे औषध भेटले कोठे? एक उत्तर म्हणजे शेतात. हा डास उन्हातल्या उथळ, स्वच्छ पाण्याच्या डबक्यांत अंडी घालतो. गुरांच्या खुरांचे खड्डे, सरीत साचलेले पाणी, बांधाकडेची खाचरे ही त्याची आवडती ठिकाणे. फवारलेल्या कपाशीवरून पाऊस वाहून याच डबक्यांत येतो. डासाच्या अळ्यांना औषधाची सौम्य मात्रा मिळते. कमकुवत मरतात, तगड्या उरतात. बुर्किना फासोमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कपाशीच्या पट्ट्यात डासांची प्रतिकारक्षमता अधिक आढळली.

सगळे खापर शेतीवर फोडणे मात्र बरोबर नाही. पूर्वी घरोघर फवारलेल्या डीडीटीने वाट तयार करून ठेवली होती, कारण डासाच्या शरीरातला एक बदल डीडीटी आणि पायरेथ्रॉइड दोन्हींपासून त्याला वाचवतो. पुढे मच्छरदाण्यांनीही निवड केलीच. तरी आपला वाटा आपण मान्य केला पाहिजे.

डास दोन प्रमुख मार्गांनी तग धरतो. औषध त्याच्या मज्जातंतूवर एका ठरावीक जागी जाऊन बसते, कुलपात किल्ली बसावी तसे. ते कुलूपच बदलले की किल्ली बसत नाही, हा पहिला मार्ग. दुसरा मार्ग पचवण्याचा. डासाच्या शरीरात काही विकरे असतात. त्यांचे प्रमाण वाढले की औषध जागेवर पोहोचण्याआधीच मोडून टाकले जाते. हा दुसरा मार्ग लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

नुसते पाहणे म्हणजे चाचणी नव्हे

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे वळतो. डास जाळीवर बसला आणि उडून गेला. तो वाचला का? सांगता येत नाही. फवारणीनंतर अळी पानावर हलताना दिसली म्हणून आपण औषध वाया गेले म्हणत नाही, दुसऱ्या दिवशी पाहतो. डासाचेही तसेच आहे. शिवाय तो डास कोणता, हेही पाहावे लागते. घरात गुणगुणणारे बहुतेक डास क्युलेक्स जातीचे असतात. ते हिवताप पसरवत नाहीत आणि औषधाला फारशी दादही देत नाहीत. म्हणून चाचणीचे काही नियम ठरलेले आहेत.

सर्वांत साधी चाचणी नळीची. औषधाचा ठरावीक अंश असलेला कागद नळीत आतून लावतात. तीन ते पाच दिवस वयाच्या, रक्त न प्यालेल्या वीस-पंचवीस माद्या तासभर त्यात ठेवतात. मग स्वच्छ नळीत काढून, साखरपाण्याचा बोळा देऊन चोवीस तासांनी मोजणी करतात. ९८ टक्के किंवा अधिक मेल्या तर डास संवेदनक्षम. ९० टक्क्यांच्या खाली मेल्या तर प्रतिकारक्षम. मधल्या आकड्यांना संशयास्पद धरून चाचणी पुन्हा करतात.

ही झाली डासाची परीक्षा. मच्छरदाणीची परीक्षा करताना जाळीच्या तुकड्यावर प्लास्टिकचा शंकू बसवून त्यात पाच माद्या तीन मिनिटे सोडतात. तासाभराने किती आडव्या पडल्या आणि चोवीस तासांनी किती मेल्या ते पाहतात. ८० टक्के मेल्या किंवा ९५ टक्के आडव्या पडल्या, तर जाळी उत्तीर्ण. आणि ही परीक्षा कोऱ्या जाळीची घेऊन थांबत नाहीत. वीस वेळा धुतल्यावर पुन्हा घेतात, कारण घरातली मच्छरदाणी धुतली जाणारच.

येथे आपल्या ओळखीचा एक हिशेब येतो. प्रत्येक चाचणीत औषध नसलेल्या जाळीवरही काही डास ठेवतात, आपल्या प्रक्षेत्रावर न फवारलेला वाफा ठेवतात तसे. समजा औषधाच्या जाळीवर शंभरात ६० मेले आणि साध्या जाळीवर १० मेले. मग औषधाने ६० मारले म्हणता येत नाही. साठातून दहा वजा करायचे, पन्नास उरले. त्यांना नव्वदने भागायचे. उत्तर येते सुमारे ५६ टक्के. हे सूत्र अॅबट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९२५ साली शेतीच्या किडींसाठी मांडले होते. आमचे विद्यार्थी आजही फुलकिड्यांचे आकडे याच सूत्राने दुरुस्त करतात.

प्रयोगशाळेतला डास पिंजऱ्यात वाढलेला असतो आणि त्याला जाळीवर बळेच बसवलेले असते. खऱ्या घरात तो रात्री येतो, माणसाचा वास घेत जाळीभोवती फिरतो, भोक शोधतो. म्हणून खरी कसोटी झोपडीत घेतात. त्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण अशा झोपड्यांचे वर्णन वाचल्यावर मला आपल्या पीक चाचण्यांचा शिस्तबद्ध आराखडा आठवला.

पश्चिम आफ्रिकेत या कामासाठी मुद्दाम छोट्या झोपड्या बांधतात. जोत्याभोवती पाण्याचा चर असतो, कारण मेलेले डास मुंग्यांनी ओढून नेले तर हिशेब चुकतो. भिंतीतल्या फटी अशा घडवलेल्या असतात की, डास आत येऊ शकतो पण सहजी बाहेर जाऊ शकत नाही. एका बाजूला जाळीचा व्हरांडा असतो. आतून निसटू पाहणारा डास तेथे अडकतो. प्रत्येक झोपडीत एक माणूस मच्छरदाणीत झोपतो. तो स्वखुशीने आलेला असतो, त्याला धोक्याची पूर्ण कल्पना दिलेली असते आणि ताप आला तर लगेच उपचार मिळतात. आणि मच्छरदाणीला मुद्दाम भोके पाडलेली असतात, चार सेंटिमीटर लांबी-रुंदीची सहा. घरातली मच्छरदाणी वर्षभरात फाटतेच, मग परीक्षा फाटक्या जाळीचीच घ्यायची.

काही माणसांकडे डास जास्त ओढले जातात, हे आपण घरातही पाहतो. म्हणून झोपणारे दररोज झोपडी बदलतात. एखादी झोपडी डबक्याजवळ असते, म्हणून मच्छरदाण्याही ठरावीक दिवसांनी फिरवतात. शेवटी प्रत्येक मच्छरदाणी प्रत्येक झोपडीत आणि प्रत्येक माणसाबरोबर तपासली जाते. हा आपला लॅटिन चौरस. जमिनीचा कस सगळीकडे सारखा नसतो, म्हणून आपण वाणांची जागा बदलतो, तेच तत्त्व. पहाटे माणूस उठला की मच्छरदाणीच्या आतले, खोलीतले आणि व्हरांड्यातले डास वेगवेगळे गोळा करतात. किती आले, किती रक्त पिऊन फुगले, किती मेले, हे मांडतात. जिवंत राहिलेले पुढे मोजण्यासाठी ठेवतात.

बेनिन या देशात अशा झोपड्यांनी २००७ साली एक कटू सत्य समोर आणले. उत्तरेला मालानव्हिल येथे डास अजून संवेदनक्षम होते. दक्षिणेला कोटोनू शहराजवळच्या लाडजी येथे प्रतिकारक्षम होते. औषध तेच, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन. मालानव्हिलला झोपडीत आलेल्या डासांपैकी जवळजवळ ९८ टक्के मेले. लाडजीला सुमारे ३० टक्के. तेथे औषधाच्या फाटक्या मच्छरदाणीत झोपणारा माणूस चाव्यांपासून साध्या फाटक्या मच्छरदाणीतल्या माणसाइतकाच असुरक्षित होता. आफ्रिकेतील हिवतापात जाणारे बहुतेक जीव पाच वर्षांखालच्या मुलांचे असतात, तेव्हा या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे काय, याचा विचार करावा.

येथे एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. जाळी न फाटलेली असेल आणि गादीखाली नीट खोचली असेल, तर औषध संपल्यावरही ती डास अडवते. प्रतिकारक्षम डासालाही भिंत ओलांडता येत नाही.

परीक्षाच चुकली तर

आता मी ज्या गोष्टीसाठी एवढा वेळ घेतला ती सांगतो.

पायरेथ्रॉइड अपुरे पडू लागल्यावर दोन वाटा शोधल्या गेल्या. पहिली वाट पायरेथ्रॉइडच्या जोडीला मदतनीस देण्याची. पायपरोनिल ब्युटॉक्साइड, म्हणजे पीबीओ, हे द्रव्य स्वतः डासाला मारत नाही, परंतु मघाशी सांगितलेली पचवणारी विकरे अडवते. याचा धागा आपल्या तिळापर्यंत जातो. पायरेथ्रममध्ये तिळाचे तेल मिसळले की त्याचा जोर वाढतो, हे १९४० च्या सुमारास लक्षात आले आणि त्या मार्गाने शोध घेता घेता पीबीओ तयार झाले. टांझानियात अशा मच्छरदाण्यांचा चांगला उपयोग दिसला आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली त्यांना सशर्त मान्यता दिली.

दुसरी वाट होती नव्या गटाचे औषध. क्लोरफेनापीर हे नाव तुम्हाला नवीन नाही. कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगासाठी आणि मिरचीवरील कोळ्यासाठी आपल्याकडे ते वापरतात. ते मज्जातंतूवर काम करत नाही. कीटकाच्या पेशीत ऊर्जा तयार करणारी जी यंत्रणा असते ती ते बंद पाडते. त्यामुळे बदललेल्या कुलपाचा डासाला येथे उपयोग नाही. पण गंमत अशी की, क्लोरफेनापीर बाटलीत असते तसे विषारी नसते. कीटकाच्या शरीरातली विकरे त्याचे विषात रूपांतर करतात. ही विकरे कोणती? बहुतांशी तीच, जी पायरेथ्रॉइड पचवतात. ज्या हत्याराने डास एका औषधातून सुटतो, त्याच हत्याराने तो दुसऱ्या औषधाला धार लावून देतो.

हे औषध शंकूच्या चाचणीत घातले, तेव्हा ते नापास होऊ लागले. तीन मिनिटे जाळीवर बसवले, चोवीस तासांनी मोजले, तर डास पुष्कळसे जिवंत. ठरलेल्या नियमांवर कोणी बोट ठेवले असते, तर ही मच्छरदाणी तेथेच कचऱ्यात गेली असती. परंतु झोपड्यांत काही वेगळेच दिसत होते. बेनिनमधील कोव्हे येथील झोपड्यांत नुसत्या पायरेथ्रॉइडच्या मच्छरदाणीने पाचात एक डास मरत होता, तर क्लोरफेनापीर मिसळलेल्या मच्छरदाणीने दहात सातच्या आसपास. हे काम २०१६ साली प्रसिद्ध झाले.

हा फरक कशाने पडला? शंकूची चाचणी दिवसा होते. अॅनाफिलिस डास दिवसा विश्रांती घेतो, त्याच्या शरीराचा कारखाना मंद असतो, मग विष तयार कसे होणार? रात्री तो उडतो, माणसामागे धडपडतो, कारखाना जोरात चालतो आणि औषध पेटते. तपमान कमी असले तरी परिणाम कमी दिसतो. शिवाय हे औषध सावकाश मारते, म्हणून मोजणी चोवीस तासांऐवजी बहात्तर तासांपर्यंत करावी लागते. २०१५ साली संशोधकांनी हे सर्व उलगडून दाखवले. दोष औषधात नव्हता, विचारलेल्या प्रश्नात होता. अशा औषधांसाठी काचेच्या बोगद्याची चाचणी जास्त योग्य ठरते. तीत भोके पाडलेल्या जाळीपलीकडे एक प्राणी ठेवून शंभरएक डास रात्रभर सोडतात आणि डास स्वतःहून जाळी ओलांडू पाहतो.

मी चाळीस वर्षे कीटकनाशकांच्या चाचण्या घेतल्या. त्यांतली किती औषधे मी चोवीस तासांच्या मोजणीवर नापास केली असतील, असा विचार हे वाचून मनात आला. असो.

झोपडीतही डास मोजतात, आजारी मुले मोजत नाहीत. तो निवाडा गावात होतो. टांझानियात मिसुंगवी जिल्ह्यातील ७२ गावांत जानेवारी २०१९ मध्ये चार प्रकारच्या मच्छरदाण्या सोडतीने वाटल्या. कोणत्या घरात कोणती, हे घरच्यांनाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही नव्हते. दोन वर्षांनी मुलांचे रक्त तपासले. नुसत्या पायरेथ्रॉइडच्या गावांत ४५.८ टक्के मुलांत हिवतापाचे जंतू आढळले. पीबीओच्या गावांत ४०.७ टक्के, आणि डासाच्या प्रजननावर काम करणाऱ्या पायरीप्रॉक्सीफेनच्या गावांत ३७.५ टक्के. क्लोरफेनापीरच्या गावांत २५.६ टक्के. मुलांना प्रत्यक्ष ताप येण्याचे प्रमाणही तेथे दोन वर्षांत ४४ टक्क्यांनी कमी राहिले. बेनिनमध्ये २०२० साली वाटप करून केलेल्या तशाच प्रयोगात ही घट ४६ टक्के भरली. त्यानंतर मार्च २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जेथे डास पायरेथ्रॉइडला दाद देत नाहीत तेथे क्लोरफेनापीरयुक्त मच्छरदाण्यांची ठाम शिफारस केली.

एक उणी बाजूही सांगायला हवी. मिसुंगवीत मच्छरदाण्या अपेक्षित तीन वर्षे टिकल्या नाहीत. फाटल्या, टाकल्या गेल्या. औषध कितीही चांगले असो, धागा कमजोर असेल तर सगळे मुसळ केरात.

आपल्याकडे काय

आपल्या खेड्यांत हिवताप पसरवणारा मुख्य डास अॅनाफिलिस क्युलिसिफेसिस. कालवे, पाट, नदीपात्रातली डबकी, भातखाचरे येथे तो वाढतो आणि गोठ्यात विसावतो. गुरांचे रक्त त्याला अधिक आवडते. डीडीटी आणि मॅलॅथिऑनला त्याने महाराष्ट्र-गुजरातेत केव्हाच दाद देणे सोडले होते. २००२ च्या सुमारास सुरत भागात डेल्टामेथ्रीनलाही तो प्रतिकार करतो असे आढळले. महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार गडचिरोली जिल्हा वाहतो. तेथे जंगलातल्या ओढ्यांत वाढणारा अॅनाफिलिस फ्लुव्हिएटिलिसही आहे. ओडिशात मलकानगिरी जिल्ह्यात पुदुच्चेरीच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने अशाच प्रायोगिक झोपड्या उभारून मच्छरदाण्या तपासल्या आहेत. आफ्रिकेचे आकडे जसेच्या तसे येथे लागू होणार नाहीत. डास वेगळा, त्याच्या सवयी वेगळ्या. विदर्भातल्या कपाशीची शिफारस कोकणात चालत नाही, तसेच हे.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. क्लोरफेनापीर आज आफ्रिकेतल्या मुलाच्या डोक्यावर टांगलेले आहे आणि तेच आपल्या कोबीवरही आहे. कोबी-फ्लॉवरच्या पट्ट्यात आठवड्याला एक फवारणी करणारे शेतकरी मी पाहिले आहेत, आणि पाटाचे पाणी त्याच शेतातून वाहते. बोंडअळीच्या वेळी आम्ही म्हणालो, आम्हाला माहीत नव्हते. आता तसे म्हणता येणार नाही. कोबीवर सलग दुसऱ्यांदा या गटाचे औषध घेऊ नका, गट बदला, मोहरीचे सापळा पीक लावा. पंप धुतलेले पाणी पाटात, ओढ्यात किंवा डबक्यात ओतू नका. मच्छरदाणी धुतलेले पाणीही नको. पायरेथ्रॉइड माशांना फार घातक आहे, आणि डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे तेथेच असतात.

राहता राहिला त्या भगिनीचा प्रश्न. मी त्यांना विचारले, "ताई, मच्छरदाणी धुता कशी?" त्या म्हणाल्या, "दर आठवड्याला, ओढ्यावर, सोडा टाकून दगडावर आपटते आणि बाभळीच्या कुंपणावर उन्हात वाळत घालते." मच्छरदाणी मिळून दोन वर्षे झाली. म्हणजे शंभरएक धुणी. वीस धुण्यांसाठी तपासलेल्या जाळीवर शंभर धुण्यांनंतर औषध किती उरणार? त्यांच्याकडचा डास प्रतिकारक्षम असेलही. पण या मच्छरदाणीवरून ते ठरवता येणार नाही. मी त्यांना सांगितले की, जाळी तीन महिन्यांतून एकदाच, साध्या साबणाने, बादलीत, न घासता धुवावी आणि सावलीत वाळवावी. ते पाणी घरापासून व विहिरीपासून दूर खड्ड्यात ओतावे. भोक दिसले की त्याच दिवशी शिवावे. आणि आरोग्य कर्मचारी आले की त्यांना विचारावे, आपल्या भागातल्या डासांची नळीची चाचणी शेवटची केव्हा झाली आणि शंभरात किती मेले. हा प्रश्न विचारण्याचा तुम्हा सर्वांना अधिकार आहे. बियाण्याची उगवण आपण विचारतोच की.

त्यांनी मच्छरदाणीचा एक कोपरा पिशवीतून आणला होता, मला दाखवायला. त्यावर बाभळीच्या काट्याने पडलेली सात भोके मी मोजली.

आता कपाशीबद्दल काही विचारायचे असेल तर विचारा. मी थांबलो आहे.